कोहळ्यावर लावलेली मिशी

२ ऑक्टोबर, दसरा

निवृत्त होऊन पाच महिने झाले आणि आज मी एक गाढवपणा केला. लिहून ठेवतो. साखर कारखान्यात चौतीस वर्षं पॅनमन होतो, म्हणजे पाक आटवून त्याचा दाणा पाडणारा माणूस. शिफ्ट संपली की लॉगबुकात घडलं तसं लिहायची सवय आहे, ती या डायरीत जिरवतो.

सोनं द्यायला मेव्हणा पृथ्वीराज गगनबावड्याहून आला होता. आमच्या लेकीनं, मोनानं, पुण्याहून एक खोका पाठवला होता, तो हिनं त्याच्यासमोर उघडला. आत साखरेत मुरवून वाळवलेली फळं. अननसाच्या चकत्या, संत्र्याच्या साली, आरपार दिसणाऱ्या. पाव किलोला आठशे रुपये!

"आठशे?" मी म्हणालो. "आरं, ह्यो नुसता पाक हाय. पाकात माझी हयात गेली. हे मी घरात करीन."

पृथ्वीराज म्हणाला, "दाजी, चहात साखर किती घालायची ते तुम्ही ताईला इचारतासा."

सगळे हसले. ही सगळ्यांत जास्त हसली. मला राग आला, आणि राग आला की माझं तोंड माझ्या ताब्यात नसतं. म्हणालो, "भाऊबीजंला ये. ह्याच ताटात माझ्या हातची फळं वाढतो. न्हाय जमली तर मिशी उतरवतो!"

मग ही म्हणाली, "पावण्यांम्होरं बोललायसा. ध्यानात ठेवा." इतक्या पटकन म्हणाली की जणू वाक्य तयारच होतं.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते लिहितो. मिशी उतरवता येणार नाही. दहा वर्षांचा असताना कसबा बावड्यात आमच्या गुऱ्हाळावर मी आणि माझा दोस्त बाबालाल रस उकळायच्या काहिलीपाशी उभे होतो. बाबालाल म्हणाला, उकळती काकवी चाटून दाखव. मी उसाचं कांडकं बुडवून तोंडाला लावलं. काकवी वरच्या ओठाला चिकटली ती कातडी घेऊनच निघाली. करवंदाएवढा चट्टा राहिला. शाळेत मला पोरं 'काकव्या' म्हणायची. विसाव्या वर्षी मिशी वाढवली आणि काकव्या मेला. चट्ट्यावर केस उगवत नाहीत, बाजूचे त्यावर ओढून घ्यावे लागतात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण हिलाही पत्ता नाही. माहीत आहे फक्त बाबालालला, कारण मिशी तोच कातरतो. त्याचं कसबा बावड्यात सलून आहे.

एका पैजेनं ओठ खाल्ला, दुसरी आता मिशी खायला निघाली आहे.

४ ऑक्टोबर

कोहळ्यापासून सुरुवात. कोहळ्याची फळं पांढरी, काचेसारखी होतात असं मोबाइलवर दिसलं. बाजारातून सात किलोचा धिप्पाड कोहळा आणला. हिच्यापुढे ठेवला तर ही हात मागे घेऊन उभी.

"अख्खा कोहळा बाईमाणसानं कापायचा नसतोय. पयला सुरा गड्यानं घालायचा."

"का?"

"का म्हंजे? नसतोय."

घातला. सुरा अर्ध्यात अडकला, कोहळा ओट्यावरून घरंगळला आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर आला. ही बाहेर जाऊन हसली. आत हसायची नाही, एवढी मर्यादा पाळते.

फोडी चुन्याच्या निवळीत ठेवायच्या असतात, म्हणजे त्या शिजताना विरघळत नाहीत. पानपट्टीवाल्या पिराजीकडे पाव किलो चुना मागितला. तो म्हणाला, "काका, पान खाताय का घर रंगवताय?" त्याला काय सांगणार?

५ ऑक्टोबर

फोडी धुतल्या, उकडल्या, पाक केला. पाक असा जमला की कारखान्यातल्या कुठल्याही केमिस्टला बोलवावं. दोन बोटांत धरला, तार पाहिली, नेमका क्षण आला आणि हात आपोआप चालला. चिमूटभर पिठीसाखर आत टाकली.

चौतीस वर्षांची सवय! पॅनमध्ये आम्ही असंच करतो. पाक टोकाला आला की बारीक साखरेचं बी टाकायचं, मग त्या बियाभोवती दाणा धरतो. इथं दाणा नकोच होता. दहा मिनिटांत अख्खं पातेलं दगड झालं. आत कोहळ्याच्या फोडी भिंतीत चिणल्यासारख्या दिसत होत्या. हातोडा घेतला तर पातेल्याच्या बुडाला पोचा पडला.

हिला समजावून सांगितलं. फार लक्ष देऊन ऐकलं. मी काही बोललो की ही सहसा भाजी निवडायला लागते, आज नाही.

"आवं, नुसत्या चिमटीनं?"

"चिमटीनं."

"अख्खं भांडं?"

"अख्खं भांडं. पॅनमनची करामत हाय ती."

पुन्हा एकदा विचारलं, कुठली साखर म्हणून. माझ्या कामात हिला इतका रस पहिल्यांदाच आला. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

दुसरी खेप. बी टाकलं नाही. कच्ची पपई घेतली, दाट पाकात घातली, भडकत्या जाळावर दोन तास ठेवली. फोडी आक्रसून चपलेच्या टाचेएवढ्या कडक झाल्या. पृथ्वीराजचा फोन आला होता. "दाजी, वस्तरा आणू का तिकडंच मिळंल?" म्हणाला. मी फोन ठेवला.

आरशात मिशी उचलून पाहिलं. चट्टा तसाच आहे, गुलाबी, चकचकीत. त्रेसष्टाव्या वर्षी मला कोण काकव्या म्हणणार? तरीही मिशी लगेच खाली ओढली. भाऊबीजेला हिच्या माहेरचे पंधरा लोक असतील. ते बघतील आणि बघितलं नाही असं दाखवतील, तेच मला सहन व्हायचं नाही. आणि ही बघेल. अडतीस वर्षं लपवून ठेवलं म्हणेल.

१० ऑक्टोबर

बाबालालच्या सलूनमध्ये गेलो. त्याला सगळं सांगितलं. त्यानं गिऱ्हाईकाच्या गालावर साबण तसाच ठेवून मला बाहेर ओढलं.

"हंब्या, तू ठार येडा हायस. दुसरं काय न्हवतं लावायला? गाडी लावायची!"

मग म्हणाला, "आमच्या घरात ईदीला मुरवलेला कोहळा कोण करतंय? शेजारी वैद्य आणि तू मरायला टेकलायस."

संध्याकाळी बिबीजानवहिनींकडे गेलो. बाबालालची बायको. माझी चपलेसारखी पपई दाताखाली धरली आणि परत ताटलीत ठेवली.

"भावजी, तुम्ही साखर शिजवली. फळ कुठं शिजवलं?"

मी म्हणालो, पाकात माझी हयात गेली आहे.

"तेच तर. कारखान्यात साखर पायजे असती, रस गेला तरी चालतोय. हितं फळ पायजे. त्येच्यातलं पाणी हळूहळू भाईर येतंय आणि साखर हळूहळू आत जातीया. एका दिवसात ढकललं तर फळ आवळून घेतंय. पयल्या दिवशी पातळ पाक. मग रोज फळ काढायचं, पाकात वंजळभर साखर वाढवायची, उकळायचं, फळ परत आत. आठ दिवस. घाई करायची न्हाय आणि हलवायचं न्हाय."

चौतीस वर्षांत मला कुणी पाक शिकवला नव्हता. कान गरम झाले. पण गप्प बसून लिहून घेतलं.

११ ऑक्टोबर

तिसरी खेप, पुन्हा कोहळा. भाऊबीजेला बारा दिवस आहेत, म्हणजे ही शेवटची संधी. मी सुरा शोधत होतो तोवर बिबीजानवहिनी स्वतःच आल्या, कोहळा मांडीशी घेतला आणि एका फटक्यात दोन केला. "आमच्यात असलं काय न्हाय," म्हणाल्या. हिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं घाबरली, पण म्हणाली, "मला आधी म्हाईत असतं तर अडतीस वर्षं ह्यांच्या तोंडाकडं बघत बसले नसते."

१३ ऑक्टोबर

तिसरा दिवस. फोडींच्या कडा आरपार दिसायला लागल्या आहेत. दुपारी ही बिबीजानवहिनींकडे गेली होती, मी डबा द्यायला मागून गेलो. दारातूनच ऐकू आलं, दोघी कशावरून तरी हमरीतुमरीवर आल्या होत्या. "अन्नाशी बेइमानी मी करणार न्हाय, तुझं तू बघ," असं वहिनी म्हणत होत्या. मला बघून गप्प झाल्या. बहुतेक कोहळ्याच्या सालींची चटणी करायची का नाही यावरून असावं. बायकांची भांडणं.

१५ ऑक्टोबर

हवेत गारठा आला. उशाशी तुपाची वाटी आली. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून ही ठेवते. "ओठाला लावा, फुटत्यात," म्हणते. हिच्या माहेरी तशी पद्धत असावी. माझा तेवढाच भाग फुटतो हे तिला काय माहीत! पण उपयोग होतो.

पाक पाचव्या दिवसाचा. फोडी एकसारख्या फुगल्या आहेत. मी दिवसातून दहा वेळा झाकण उघडतो. मोना फोनवर म्हणाली, "बाबा, मी लहान असताना एवढ्या वेळा मला नव्हतं बघितलंत." चेष्टाच केली, पण ते खरं आहे. सीझन चालू झाला की मी घरात फक्त झोपायला असायचो.

डायरी आज कपाटावर उलटी ठेवलेली दिसली. वय झालं, मीच ठेवली असेन.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

अनर्थ. सकाळी पातेलं उघडलं तर पाक गढूळ! बोट घातलं, करकर लागली. दाणा धरायला सुरुवात झाली आहे.

बी पडल्याशिवाय दाणा धरत नाही. मग बी कुठून पडलं? तासभर तपास केला. काल दिवसभर ही ओट्यावर करंज्यांचं सारण करत होती, पिठीसाखरेचा डबा उघडा होता आणि पंखा चालू होता. पंख्यानंच पिठी उडून पातेल्यात पडली. झाकण होतं हे खरं, पण फटीतून जाणारी गोष्ट आहे. हे मी कुणाला बोललो नाही. पॅनमनच्या पातेल्यात पंख्यानं दाणा धरला म्हटलं तर कारखान्यातली माणसं चहा थुंकतील.

ही फार हळहळली. "आरारारा," म्हणाली, "आता काय करणार? ऱ्हाऊ दे की. काय मिशीबिगर माणसं जगत न्हाईत व्हय?" मग स्वतःच गरम चहा बशीत ओतून, फुंकर घालून दिला. इतकी माया ही सहसा सणासुदीलाही करत नाही.

१८ ऑक्टोबर

जी गोष्ट बिबीजानवहिनींना माहीत नाही ती पॅनमनला माहीत असते. पॅनमध्ये नको तेव्हा दाणा पडला तर आम्ही पाणी मारतो. घाबरायचं नाही, पाणी मारून, मंद ऊब देऊन दाणा परत विरघळवायचा. फोडी हलक्या हातानं काढल्या, पाकात तांब्याभर पाणी घातलं, निखाऱ्यासारख्या बारीक आचेवर ठेवला. अर्धं लिंबू पिळलं, म्हणजे पुन्हा दाणा धरणार नाही. पाऊण तासात पाक आरशासारखा झाला. फोडी परत आत सोडल्या.

ओट्यापाशी उभा राहून एकटाच हसलो. हिनं वाकून पातेल्यात बघितलं.

"पाणी घातलं की दाणा जातोय?"

"जातोय."

"हे तुम्ही आधी बोलला न्हाईसा."

"तू इचारलं न्हाईस."

यानंतर दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. दिवाळीच्या कामानं थकली आहे.

आजपासून झाकणावर पाटा ठेवतो. पंख्याचा भरवसा नाही.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

काल पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर फोडी पाकातून काढून जाळीवर मांडल्या. आज कोरड्या झाल्या. उजेडात धरली की पलीकडचं दार दिसतं. दाबली की आत मऊ. थोड्या बिटाच्या रसात लाल केल्या आहेत. एक खाल्ली आणि कुणाला तरी सांगावंसं वाटलं. ही अंगणात रांगोळी काढत होती, तिला नेऊन दिली. तिनं खाल्ली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "लई वंगाळ झाल्यात. एवढ्या चांगल्या कशाला केल्या?"

याचा अर्थ मला लागला नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

जिंकलो.

पृथ्वीराजनं फोड खिडकीकडे धरली, वास घेतला, चावली. सगळी पाहुणेमंडळी त्याच्याकडे बघत होती. दुसरी घेतली. पाचवी घेतल्यावर म्हणाला, "दाजी, हरलो." बाबालाल आणि बिबीजानवहिनीही आले होते. बाबालालनं शिट्टी मारली. मी मिशीवर दोन्ही बाजूंनी बोटं फिरवली. असा पीळ याआधी मुख्य पॅनमन झालो तेव्हा दिला होता.

ही तेवढी ओवाळणीचं ताट घेऊन गप्प उभी होती. पृथ्वीराजनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ताई, तुझं काय काम झालं न्हाय बघ. मी माझ्याकडनं डिवचलं, आता दाजींना पाक जमला त्येला मी काय करू?"

"गप बस," ही म्हणाली.

"काय काम?" मी विचारलं.

"फोटूतला नवरा परत पायजे म्हणत हुती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी फोन केलता मला."

हिनं त्याच्या तोंडात लाडूच कोंबला. सगळे हसले. कुठला फोटो ते मला कळेना. स्थळ बघताना माझा एकच फोटो गेला होता, महाद्वार रोडच्या स्टुडिओत काढलेला, मिशीसकट.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर विचारलं. ही उठली, ट्रंकेतून तिच्या शालूची घडी काढली आणि आतून एक फोटो माझ्या हातात दिला.

तालमीच्या दारातला. मी अठरा वर्षांचा, अंगाला तांबडी माती, आणि ओठ उघडा. चट्टा एवढा स्पष्ट की बोटानं पुसून बघावा.

"ह्यो कुणी दिला?"

"तुमच्या आईनं. आत्याबाईंनीच मध्यस्थाच्या हातात दिलता. म्हणाल्या, पोरीला आधी दाखवा, मागनं कुणी बोलायला नको."

धोंडुबाई, आई माझे! जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

"मग तुला म्हाईत हुतं?"

"म्हाईत हुतं म्हंजे? माझ्या बानं इचारलं, ओठाला काय झालंय. मध्यस्थ म्हणाला, उकळती काकवी चाटायला गेलता. मी दाराआड हसले. म्हटलं, गोडापायी तोंड भाजून घेणारा गडी. ह्योच पायजे. आणि लग्नात बघते तर तोंडावर ही झाडणी! आज काढतील, उद्या काढतील म्हणून वाट बघितली. तुम्ही लपवतासा म्हणून मी इचारलं न्हाय. इचारलं असतं तर तुम्हास्नी वाईट वाटलं असतं."

मी फोटो बघत बसलो. अडतीस वर्षं मी रोज सकाळी आरशासमोर दहा मिनिटं केस ओढत होतो. अडतीस हिवाळे उशाशी तुपाची वाटी होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

२४ ऑक्टोबर

सकाळी बाबालालचं सलून उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसलो.

"काय रं? जिंकलास न्हवं काल?"

"जिंकलो. मिशी काढ."

त्यानं साबण लावला, वस्तरा घेतला आणि तसाच उभा राहिला. "हंब्या, इचार कर."

"काढ की!"

"तवा मीच म्हटलं हुतं, चाटून दाखव म्हणून." त्रेपन्न वर्षांत हे तो पहिल्यांदा बोलला. साबण माझ्या तोंडाला होता, पण डोळ्यांत त्याच्या गेला. मग त्यानं असा हात चालवला की एक केस दुखला नाही. पैसे घेतले नाहीत. मी फोडींचा डबा नेला होता, तो मात्र ठेवून घेतला.

घरी येताना ओठाला वारा लागत होता. पिराजीनं मला ओळखलं नाही, "या पावणं, काय देऊ?" म्हणाला.

ही मागच्या दारी भांडी घासत होती. वर बघितलं. हात पदराला पुसले, उठली, आणि ओठावर बोट ठेवलं, बरोबर त्या जागेवर.

"तेवढाच हाय की," म्हणाली. "वाढला न्हाय, कमी झाला न्हाय." आणि मग, "आला की एकदाचा फोटूतला."

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "ते वसुबारसंला पातेल्यात बी कसं पडलं गं?"

"तुम्हीच लिवलंय की," ती परत भांड्यांकडे वळत म्हणाली. "पंख्यानं."

खरं आहे. आत्ता मागची पानं उलटून पाहिलं, १७ तारखेला तसंच लिहिलं आहे. त्या पानाच्या कोपऱ्यावर तुपाचं बोट उमटलं आहे. माझंच असणार.